काटा लावलेलं दार

त्या माणसाबद्दल मला चांगलं काही लिहायचं नाही. तो मेला त्यालाही शंभरावर वर्षं झाली असतील, आणि मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये असं माझी आई म्हणते. आईने त्याची रोजनिशी वाचलेली नाही. मी वाचली आहे, दोनदा. पहिल्यांदा वाचली तेव्हा एक चूक केली. ती एका म्हातारीच्या शेतावर शेकणार होती, म्हणून हे लिहिते आहे.

तो म्हणजे गोरा साहेब. सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथं इंग्रज सरकारचा अंमल संपायचा आणि सरकारला न कळणारा डोंगर सुरू व्हायचा, त्या सरहद्दीवर नेमलेला. न्याय करणारा तोच, फटके मारायला सांगणारा तोच, कुठलं झाड कुणाचं हे ठरवणारा तोच. वय सव्वीस. रोजनिशी माझ्या हाती आली तेव्हा मीही सव्वीसचीच होते, आणि मला चौकात साधी सभा घ्यायची परवानगीसुद्धा तीन टेबलं फिरल्याशिवाय मिळत नव्हती.

रोजनिशीत त्याच्या कुत्रीचं नाव आहे. घोडीचं नाव आहे. घोडी त्याने सारंगखेड्याच्या यात्रेत घेतली, आणि तिचे दात, खूर, चाल यांवर पान भरून मजकूर आहे. सारंगखेडा माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर. त्या यात्रेत मी लहानपणी हरवले होते आणि एका घोडेवाल्याच्या खाटेवर सापडले होते. म्हणजे त्याची घोडी जिथं उभी होती त्याच धुळीत मी रडत बसले असेन. असो. घोडीला नाव, कुत्रीला नाव. पण त्याचा अंघोळीचा पत्र्याचा टब डोक्यावर घेऊन अक्राणीचा घाट चढणाऱ्या चार भिलांना नाव नाही. ते नुसते ‘चार कुली’. त्यातला एक घसरून पडला त्या दिवशीची नोंद अशी, की टबाला पोचा आला.

म्हणून मीही त्याचं नाव लिहिणार नाही. आणि त्याला वेगळं काढलं असं नको, म्हणून इथं कुणाचंच नाही.

रोजनिशी मिळाली खांडबाऱ्याला. तिथं स्टेशनजवळ एका मारवाडी शेठचं दुकान आहे: दोरखंड, ताडपत्री, पत्र्याच्या पेट्या, गुरांची ढेप. धरण्याच्या मांडवासाठी ताडपत्री घ्यायला गेले होते. दुकानाच्या कोपऱ्यात एक लांबोडका पत्र्याचा टब होता, त्यात सरकी ढेप भरलेली. मी विचारलं, हे काय? शेठ म्हणाले, त्यांच्या आजोबांनी साहेबाच्या बंगल्यातलं सामान लिलावात घेतलं होतं, त्यातला. सोबत एक पेटी आली होती. पेटीत बूट होते ते कधीच गेले, पुस्तक राहिलं.

“कसलं पुस्तक?”

“साहेबनं रोजनं रोज लिखेल शे. इंग्रजी शे. आमना घरमा कोनीच वाचं नही.”

शेठ घरात मारवाडी बोलतात, गिऱ्हाइकाशी अहिराणी, आणि हिशेब कुठल्या भाषेत करतात ते देव जाणे. पुस्तक दुकानाबाहेर न्यायचं नाही ही त्यांची अट. फोटो काढायचे तेवढे काढ. मग मी ढेपेच्या पोत्यावर बसून दोन दिवस वाचत राहिले. माझं इंग्रजी म्हणजे शब्दकोश हातात धरून चालणारं. पण राग असला की इंग्रजी भराभर कळतं, हे मला तिथं समजलं.

काय आयुष्य होतं त्याचं! सकाळी चहा, मग शिकार, मग ‘कचेरी’, म्हणजे झाडाखाली खुर्ची टाकून पकडून आणलेल्या माणसांना शिक्षा सांगणं. दुपारी ताप. ताप आला की कडू औषध आणि मायदेशाला पत्र. पत्रात स्वतःची दया. इथली माणसं खोटारडी, आळशी, भित्री. इथलं जंगल सुंदर, फक्त त्यात माणसं नको होती. एका पानावर त्याने मोहाची झाडं तोडायचा विचार मांडलाय, कारण लोक फुलांची दारू काढतात. दुसऱ्याच पानावर त्याची स्वतःची ब्रँडी वेळेवर पोचली नाही म्हणून थयथयाट.

“बेटा,” शेठ गल्ल्यावरून म्हणाले, “तू पुस्तक वाचाले येयेल शे का भांडाले? दात वाजी ऱ्हायनात तुन्हा.”

“भांडायलाच आलेय शेठ.”

“तो तं मरी गया. आते कोनसंगे भांडशी?”

मी टबाला पायाने ढोसलं. आत ढेप होती, त्यामुळे आवाजही आला नाही.

आता म्हातारीचं सांगते. मोलगीच्या पुढं जीप जिथं उतरवते तिथून दीड तास चालायचं. तिथं ती राहते. भिलीत आईला याहा म्हणतात. सगळं गाव तिला याहाच म्हणतं, मीही. मी मैदानातली, माझं भिली ऐकून तिथली पोरं हसतात. पण कळतं सगळं. याहाचं बोलणं इथं माझ्या मराठीत देते.

याहाकडे चार एकर उतार आहे. ज्वारी, तूर, उडीद. सासऱ्याने कसला, नवऱ्याने कसला, आता ती आणि मुलगा कसतात. कागदावर मात्र तो जंगल. त्या जमिनीचा वनहक्काचा दावा ग्रामसभेने मंजूर केला होता, वरच्या कचेरीने फेटाळला. कुठली कचेरी ते सोडा. फेटाळल्याच्या पत्रात कारण एका ओळीचं होतं: स्थळपाहणीच्या वेळी घर निर्जन व जमीन विनावहिवाट आढळली.

निर्जन कसं? तर दिवाळीनंतर डोंगरातली निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात आणि होळीला परत येतात. होळीला कुणी बाहेर राहत नाही, मेलेला सोडून. पाहणीचं पथक आलं ते मधल्या काळात. याहा मुलाबरोबर उसाच्या फडात होती आणि तिच्या दाराला बोरीची फांदी आडवी लावलेली होती.

डोंगरात घरांना कुलूप नसतं. कुडाच्या भिंतीला कुलूप लावून करायचं काय? दाराला काटेरी फांदी आडवी लावतात. काटा लावला म्हणजे घरधनी बाहेर गेलाय, येणार आहे. त्या घरात कुणी पाऊल घालत नाही, कोंबडीसुद्धा हाकलतात. घर कायमचं सोडायचं असेल तेव्हा काटा लावत नाहीत. खांब काढून नेतात आणि जागा उघडी टाकतात. लहान पोरालाही हे कळतं. पथकाला कळलं नाही. त्यांनी त्या काट्याचा फोटो काढला आणि फायलीला जोडला. घर पडीक असल्याचा पुरावा म्हणून!

अपील केलं. सुनावणीची तारीख लागायच्या आधी मी पत्रक काढलं.

पत्रक लिहायला मी अठराव्या वर्षी शिकले. संघटनेतल्या ज्या ताईंनी शिकवलं त्यांचे नियम पक्के होते: एक कागद, दोन बाजू. शत्रू पहिल्या ओळीत, मागणी शेवटच्या ओळीत, मधे रडारड नको. या वेळी शत्रू माझ्याकडे तयार होता. साहेबाने एका थंडीत याहाच्या गावाला भेट दिली होती. ओढा, दोन टेकड्या, वडाखालचा दगड, सगळं जुळत होतं. त्याने लिहिलं होतं की गावात एक माणूस सापडला नाही, सगळी घरं रिकामी. त्याने तंबू ठोकला, अंघोळ केली, दोन कोंबड्या पकडून शिजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी घोडीवर बसून नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढली. रेघेच्या वरचं सगळं सरकारी जंगल.

मी लिहिलं, ‘साहेबाच्या दहशतीनं गाव रिकामं! आज त्याच्याच वारसांना गाव रिकामं दिसतंय!’ झणझणीत झालं होतं. मीच पुन्हा पुन्हा वाचलं. साहेबाच्या त्या नोंदीत आणखी एक अर्धं वाक्य होतं, की दारांना काटेरी झुडपं लावलेली होती. ते गाळलं. जागा नव्हती, आणि झुडपांत शिवी कुठं होती? मला शिवी पाहिजे होती.

पत्रकं मोलगीच्या बाजारात वाटली. जीपच्या टपावर बसलेल्यांना दिली, मिठाच्या दुकानात ठेवली. याहालाही वाचून दाखवलं. ती तंबाखू मळत राहिली.

सुनावणीला आम्ही दोघी लवकर पोचलो. सुनावणी घेणारे साहेब आले नव्हते. खोलीत एकच खुर्ची बरी होती, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली. याहा डोंगर उतरून आलेली. ती सरळ जाऊन त्या खुर्चीत बसू लागली.

“ओ बाई! ओ!” शिपाई धावला. “साहेबांची खुर्ची आहे ती!”

“रिकामी आहे,” मी म्हणाले.

“टॉवेल दिसत नाही का?”

याहाने विचारलं काय म्हणतो, मी सांगितलं. तिनं टॉवेलकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि खाली फरशीवर येऊन बसली. “अच्छा,” म्हणाली, “यांच्याकडं पण काटा लावतात.”

आताचा साहेब वाईट बोलणारा नव्हता. हे मला जास्त जड जातं. ओरडणाऱ्याशी कसं भांडायचं मला येतं. ‘ताई बसा, पाणी घ्या’ म्हणणाऱ्याशी येत नाही. मी काट्याची रीत सांगितली. तो ऐकत होता.

“ही रीत आहे हे कशावरून? दाव्यापुरती सांगत नाही कशावरून?”

मी म्हटलं, याहाला विचारा. नियमात वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून चालतो, कलम दाखवते. त्याने विचारलं. याहाने सांगितलं ते सगळ्या गावाला पाठ आहे. तिची पणजेसासू तान्हं पोर छातीशी धरून नाल्यात लपली होती. पोराच्या तोंडावर हात. झाडीतून तिला दिसलं की एक गोरा माणूस भल्या थोरल्या पत्र्याच्या भांड्यात उघडा बसलाय, आणि दोन माणसं त्याच्यावर गरम पाणी ओततायत. तो लाल लाल झाला, उकडलेल्या खेकड्यासारखा. पणजेसासूला वाटलं, शिजवून खाणार आता याला. नाल्यात हसू आवरेना आणि हसलं तर मरण. ही गोष्ट त्या घरात होळीला अजून सांगतात. आणि शेवट दर वेळी तोच: साहेब गेला, आम्ही दाराचा काटा काढला आणि घरात शिरलो.

शिपाईसुद्धा हसला. आताच्या साहेबाने लिहून घेतलं. मग म्हणाला, “हे ऐकीव झालं. यांनी स्वतः पाहिलेलं नाही.”

“स्वतः पाहायला ही दीडशे वर्षांची पाहिजे का?”

“ताई, चिडू नका.” त्याने फायलीतून एक कागद काढला. माझं पत्रक. “हे तुमचंच ना?”

“हो.”

“यात तुम्हीच लिहिलंय, गाव रिकामं होतं. जुन्या इंग्रजी नोंदीच्या आधाराने. मग जुनी वस्ती कुठली धरू?”

“लोक पळाले होते म्हणून रिकामं होतं! तोच तर मुद्दा आहे!”

“मला कळतंय. पण लोक परत आले हे कुठं आहे? यात नाही.” त्याने पत्रक उलटं करून पाहिलं, मागच्या बाजूला माझ्या घोषणा होत्या. “पंधरा दिवस देतो. लेखी काही असेल तर आणा. नाहीतर मला अपील बंद करावं लागेल.”

मला त्या क्षणी ते पत्रक चावून खावंसं वाटलं. आठ वर्षं मी सरकारला त्याच्याच शब्दांत पकडायला शिकले, आणि सरकारने मला माझ्या शब्दांत पकडलं. बरोबर पकडलं.

बाहेर चिंचेखाली याहाने विचारलं, काय झालं. मी सगळं सांगितलं. पत्रकाचं, रिकाम्या गावाचं. लपवलं नाही. लपवायचा विचार मात्र आला होता.

तिनं तंबाखूची चिमूट गालात धरली. मग म्हणाली, “त्या साहेबाच्या कागदात दाराला काटा होता?”

“होता. अर्धं वाक्य.”

“तू लिहिलंस?”

“नाही.”

“का?”

“जागा नव्हती.”

“हं.” ती थुंकली, माझ्यापासून दूर, पण फार दूर नाही. “आमच्या चार एकराला तुझ्या कागदावर जागा नाही. आणि त्यानं पुढं काय लिहिलं?”

“पुढं?”

“तो गेला. मग परत आला असेल. साहेब लोक एकदा येऊन थांबतात होय?”

मी म्हणाले, त्या गावाचं तेवढंच पान मी नीट वाचलं. पुढं त्याचा ताप होता, पत्रं होती.

“तुला वाचता येतं,” याहा म्हणाली. “मला येत नाही. मला येत असतं तर मी पान उलटलं असतं.”

दुसऱ्या दिवशी जीप, एसटी, पुन्हा एसटी, आणि खांडबारा. शेठनी मला पाहून पुस्तक आपणहून काढलं. “आज नही वाजी ऱ्हायनात दात,” म्हणाले. मी पोत्यावर बसले. या वेळी राग बाजूला ठेवून वाचायचं ठरवलं होतं, आणि खरं सांगते, राग नसला की त्याचं लिखाण भयंकर कंटाळवाणं आहे. ताप. घोडीच्या पायाला सूज. तांदळाला किडे. कुत्री व्याली, पिलं किती, कुठल्या रंगाची. बापाचं पत्र आलं, त्यात बढतीचं काही नाही. संध्याकाळपर्यंत मी पिलांपर्यंतच पोचले होते.

पान सापडलं दुसऱ्या दिवशी दुपारी. तो त्याच वाटेने परतला होता. होळीचे दिवस. ताप चढला म्हणून त्याच ओढ्याकाठी तंबू ठोकावा लागला, आणि गाव भरलेलं! चुली पेटलेल्या, माणसं, पोरं, गुरं. दोन दिवस ढोल थांबला नाही आणि त्याचं डोकं फुटायची वेळ आली. त्याने दुभाष्याला बोलावून विचारलं, मागच्या खेपेला ही सगळी घरं ओसाड होती, मग हे लोक आले कुठून? दुभाष्याने सांगितलं की घरं ओसाड नव्हतीच. दाराला काटा लावला की मालक परत येणार असं समजायचं, ही इथली जुनी रीत आहे, आणि शेतंही याच लोकांची. साहेबाने हे सगळं लिहिलं. शब्दन् शब्द. वर स्वतःची गंमत केली, की या रानटी लोकांनी आपल्याला एका झुडपाने फसवलं.

मी मोबाइल काढला. फोटो हलले, तीनदा काढावे लागले. मग खालच्या चार ओळी वाचल्या.

तो लिहितो की या माहितीवरून रेघ बदलायला हवी होती हे खरं. पण नकाशा आधीच वर पाठवून झाला आहे, नवा करायचा तर पुन्हा सगळी मोजणी, आणि आपल्याला ताप आहे. तेव्हा राहू द्यावं.

राहू द्यावं! त्याला माहीत होतं. हे मी पहिल्याच वेळी वाचलं असतं तरी मला सहन झालं नसतं. तो मूर्ख होता, क्रूर होता, असं मी धरून चालले होते, आणि त्यावर पत्रक लिहिता येतं. पण त्याला चूक कळली होती, त्याने ती सुबक अक्षरात लिहून ठेवली, आणि नंतर कुत्रीच्या पिलांना दूध पाजायला गेला. दीडशे वर्षं एक अख्खं गाव त्याच्या कंटाळ्यावर गुन्हेगार ठरलं. फांदी तोडली, दंड. मोह वेचला, दंड. स्वतःच्या शेतात औत घातलं, अतिक्रमण!

“काय व्हयनं?” शेठनी विचारलं.

मी वाचून अहिराणीत सांगितलं. ते टबाकडे पाहत राहिले. मी म्हणाले, शेठ, पुस्तक न्यायला द्या, पाया पडते.

“पुस्तक एकलं जावाव नही,” ते म्हणाले. “मी येस संगे.”

आता माझ्या चुकीचं. मी संघटनेतल्या ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पान मिळालं ना, छान, नवीन पत्रक काढ, जुन्याचा उल्लेख करू नकोस. पत्रकात चूक कबूल करायची नसते, समोरच्याला हत्यार मिळतं. त्या मला कायम बरोबर वाटत आल्या. या वेळी मला ऐकू आलं ते वेगळंच. पत्रकं वाटून झाली आहेत, राहू द्यावं.

मी नवीन पत्रक काढलं. पहिली ओळ: ‘मागच्या पत्रकात आम्ही चूक केली.’ शत्रू दुसऱ्या ओळीवर ढकलला. मोलगीच्या बाजारात ते वाटताना मला जितकी लाज वाटली तितकी कधी पोलिसांनी दंडाला धरून नेलं तेव्हाही वाटली नव्हती. एक भाजीवाली म्हणाली, “आधीचं चुकीचं तर मी त्यात मिरच्या बांधून दिल्या, त्या परत मागू का?” लोक हसले. मी पण. काय करणार?

दुसऱ्या सुनावणीला शेठ आले. पांढरं धोतर, काखेत लाल फडक्यात बांधलेलं पुस्तक. याहा आणि शेठ एकमेकांना ओळखत नव्हते. फरशीवर शेजारी बसले. मी सांगितलं, तो पत्र्याचा टब यांच्या दुकानात आहे. याहाचे डोळे मोठे झाले.

“खरं? काय घालता त्यात?”

“ढेप,” शेठ म्हणाले. “ढोरेसनी.”

याहा इतकी हसली की शिपाई बघायला आला.

साहेबाने पुस्तक उघडलं. त्याचं इंग्रजी माझ्यासारखं लंगडं नव्हतं, तो सरळ वाचत गेला. वाचता वाचता त्याची पाठ ताठ झाली, आवाज बदलला. मधेच म्हणाला, “काय बारकाईने लिहायचे हो हे लोक! फार मोलाचा पुरावा आहे हा.”

मला वाटलं आता मी काहीतरी बोलून सगळं बिघडवणार. ज्या माणसाने जमीन हिसकावली त्याचीच वाहवा! ओठ चावला. याहाने मला कोपराने ढोसलं, काय म्हणतो? मी सांगितलं.

ती उठून उभी राहिली. टेबलाच्या कडेला हात टेकले.

“विचार त्याला. माझ्या पणजेसासूचं ऐकीव. बरं. या गोऱ्याला काटा म्हणजे काय ते कुठून कळलं?”

“दुभाष्याने सांगितलं,” मी म्हणाले.

“म्हणजे त्यानंही ऐकलंच. मग माझं ऐकलेलं ऐकीव आणि त्याचं ऐकलेलं काय?”

मी मराठी करून सांगितलं. एक शब्दही कमी-जास्त केला नाही, पत्रक लिहिताना वागायला पाहिजे होतं तसं. साहेबाने पुस्तक मिटलं. मग म्हणाला, “यांचा मागचा जबाब आहे ना फायलीत? तो काढा. दोन्ही जोडू.” आणि फेरपाहणीचा आदेश दिला.

फेरपाहणी. जमीन नाही, पुन्हा एकदा येऊन बघणं. मी बाहेर आले ती तणतणतच. तारीख पुन्हा होळीच्या आधीचीच होती, ऊसतोडीतली! याहा म्हणाली, मुलगा जाईल, मी नाही जात या वर्षी. वर्षातली अर्धी कमाई उसाची. ती सोडून याहा घरी राहिली.

पाहणीच्या दिवशी मी सकाळीच पोचले. पथक आलं, चौघं जण, त्यातला पुढचा तरुण, माझ्याच वयाचा, बूट लाल मातीने माखलेले. आणि याहाच्या दाराला काटा!

मी घराला फेरी मारली. कुठं गेली म्हातारी? आजच? मी हाका मारल्या. शेजारच्या बाईनं ओढ्याकडे हात केला. पाण्याला गेलीय. अहो, पाण्याला गेली तरी काटा लावून! आजचा एक दिवस नसता लावला तर काय झालं असतं?

तरुण दारापर्यंत गेला. फांदीकडे पाहिलं. त्याच्या हातात फाईल होती आणि फायलीत गोऱ्या साहेबाच्या पानाची प्रत. त्याने ते पान काढून पाहिलं, पुन्हा फांदीकडे पाहिलं, आणि मागच्या तिघांना म्हणाला, “बसा. येईल ती.”

ते अंगणात दगडावर बसले. मी उभीच होते. त्याला बसवलं ते त्या मेलेल्या माणसाच्या ओळींनी. याहाच्या शब्दावर तो बसला नसता. हे मला तेव्हाही गिळता आलं नाही, आता लिहितानाही येत नाही.

अर्ध्या तासाने याहा चढण चढून आली. डोक्यावर दोन हंडे. अंगणात चार माणसं बसलेली पाहिली, थांबली नाही. हंडे उतरवले. बोरीची फांदी टोकाला धरून बाजूला ओढली, भिंतीला टेकवली. आत गेली. मग बाहेर येऊन त्या तरुणाला म्हणाली, आणि हे मराठीत, मोडकंतोडकं, पण मी मधे नको होते:

“ये. आता ये. आधी जमीन बघ, पाणी मग.”

तो उठला आणि तिच्या मागून उताराकडे निघाला. ज्वारीची धाटं कापून ठेवलेली होती, तूर उभी होती. पंचनाम्यात काय लिहितो ते बघायला मी त्याच्या खांद्यावरून वाकून चालत होते, दोनदा ठेचकाळले. त्याने लिहिलं: वहिवाट आहे. मग खोडलं. मी ओरडणार तोच त्याने पुन्हा लिहिलं: घर व शेत वहिवाटीत आहे, दाराला काटा होता.